वाकायला नको होती ती धार

...तर धार वाकली. काल इथेच थांबलो होतो ना आपण? पाण्याची वाकली त्याचं काही नाही, ती वाकायलाच हवी होती. पण वाकली ती शेजारची. सरळ खाली पडायला हवी होती ती. आणि ती वाकली तेव्हा वर्गात बेचाळीस पोरं, मागच्या बाकावर तपासनीस साहेब, त्यांच्या शेजारी मुख्याध्यापक, आणि दाराजवळच्या स्टुलावर मांडीत रिकामी पेटी घेऊन बसलेला मी. फळ्यापाशी उभी होती ती आमची सूनबाई, आणि त्या एका तासावर तिची नोकरी टांगलेली होती.

पण काल निम्मे लोक जांभया देत उठून गेले होते, त्यांच्यासाठी जरा मागून येतो. ज्यांनी ऐकलंय त्यांनी पुन्हा ऐकावं, काही बिघडत नाही.

सूनबाई शाळेत वरच्या वर्गांना रसायनशास्त्र शिकवते. त्या वेळी तिला तिथे सहा वर्षं झाली होती, आणि सहाही वर्षं हंगामी. वार्षिक परीक्षा संपली की हातात पत्र पडायचं, आपली सेवा आजपासून समाप्त. शाळा उघडायच्या आठवड्यात दुसरं पत्र, रुजू व्हा. मधले दिवस ती दारातल्या पत्रपेटीकडे बघत नाही असं दाखवायची आणि दिवसातून चारदा बघायची. त्या वर्षी मात्र विज्ञानाची एक जागा कायम व्हायची होती. जागा एक आणि बाया दोन, आमची ही आणि भौतिकशास्त्राच्या बाई. तपासनीस येणार, दोघींचा एकेक तास बघणार, शेरा लिहिणार. जिचा शेरा चांगला ती कायम. दुसरीचं काय, ते कोणी बोलत नव्हतं. न बोलण्यातच सगळं आलं.

ही रंगाऱ्याची लेक. वडिलांची कापडं रंगवायची भट्टी होती, तिच्याशेजारी बसून हिने अभ्यास केला. आठ-नऊ वर्षांची असताना हिने बघितलं की सुती सदरा रंगात बुडवला की गर्द निळा होऊन येतो, पण त्याच सदऱ्याच्या शिवणीतला पॉलिस्टरचा दोरा पांढराच्या पांढरा. एकच भांडं, एकच रंग, एकच उकळी. हिने वडिलांना विचारलं, असं का? ते म्हणाले, "त्यांचं पटत नाही." बापाला तेवढं पुरलं, हिला नाही पुरलं. का पटत नाही हे शोधत शोधत ही बाई एम.एस्सी.पर्यंत गेली. मी गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलो, तेही मास्तरांच्या दयेने, तेव्हा मला या गोष्टीचं फार कौतुक. एका दोऱ्यापायी एवढा प्रवास!

तिची एक खोड सांगितलीच पाहिजे. ती कोणाला चूक म्हणत नाही आणि बरोबरही म्हणत नाही. विचारते, "कसं कळलं?" पोरं उत्तर देतात, ही विचारते कसं कळलं. घरीही तेच. एकदा आमची म्हातारी म्हणाली, आज तुझा नवरा उशिरा येणार बघ. ही म्हणाली, "कसं कळलं, आई?" म्हातारी म्हणाली, "त्याला जन्म मी दिलाय, म्हणून कळलं!" तो पुरावा मात्र सूनबाईने मान्य केला.

आता त्या तासाचा विषय. रेणूंची ध्रुवीयता. नाव ऐकून घाबरू नका, मला समजलं ते तुम्हालाही समजेल. एक दिवस मी नुसत्या पाण्याने तेलकट कढई घासत बसलो होतो, घासून घासून दंड भरून आले. ही शेजारी येऊन म्हणाली, "आबा, पाणी आणि तेल एकमेकांना जवळ घेत नाहीत. दिवसभर घासलंत तरी." आणि तिने सांगितलं ते असं. पाण्याच्या एका रेणूत एक ऑक्सिजन आणि दोन हायड्रोजन. त्यांच्यात इलेक्ट्रॉन सामाईक. पण ऑक्सिजन दांडगा, तो ते आपल्याकडे ओढून घेतो. म्हणून त्याची बाजू जराशी ऋण, हायड्रोजनची बाजू जराशी धन.

मी म्हटलं, "म्हणजे दोघांत एक पांघरूण, आणि एकजण झोपेत ओढून घेतो, तसं?"

ती हातातला चमचा तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली. "आबा, हे मी उद्या वर्गात वापरते."

आतून म्हातारीचा आवाज आला, "कोण ओढतं ते पण सांग वर्गाला!"

तर अशी दोन टोकं असलेला तो ध्रुवीय. तेलाच्या रेणूत कार्बन आणि हायड्रोजन, दोघं जवळजवळ सारख्या ताकदीचे, पांघरूण मधोमध, टोकं नाहीत. तो अध्रुवीय. टोकवाले टोकवाल्यांत मिसळतात, बिनटोकाचे बिनटोकाच्यांत. हे डोळ्यांना दाखवायचं कसं? दोन उभ्या काचेच्या नळ्या, खाली तोटी असलेल्या, ब्युरेट म्हणतात त्यांना. एकीत पाणी, एकीत टर्पेंटाइन, म्हणजे रंग पातळ करायचं तेल, तेही बिनटोकाचं. तोट्या उघडून दोन बारीक धारा सोडायच्या. प्लॅस्टिकची पट्टी लोकरीवर घासून धारेजवळ न्यायची. पाण्याची धार पट्टीकडे वाकते, टर्पेंटाइनची ढिम्म हलत नाही. पोरं आ वासून बघतात. मीही घरी मोरीच्या नळाखाली करून बघितलंय, तीन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होतो.

आता माझ्या पापाकडे येतो.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी तिने मला सांगितलं, "आबा, रंगाच्या दुकानातून अर्धा लिटर टर्पेंटाइन आणाल? शाळेतलं संपलंय." तिचं नाक सर्दीने बंद, आवाज घोगरा, डोळे लाल. मी गेलो. दुकानदार म्हणाला, "टर्पेंटाइन संपलं. थिनर घेऊन जा की. रंग पातळच करायचाय ना? काम तेच." मी म्हटलं बरोबर आहे, काम तेच. रिकाम्या हाताने परत जायला माझ्या जिवावर येतं, ही माझी जुनी खोड. घरी तिने बाटली धुऊन, वर आपल्या गोल अक्षरात चिठ्ठी चिकटवून ठेवली होती, टर्पेंटाइन. मी त्यात ओतलं. तिने आतून विचारलं, "मिळालं?" मी म्हटलं, "मिळालं." शब्दाने खोटं नव्हतं, मिळालं तर होतंच काहीतरी.

एरवी ती वर्गाआधी सगळा प्रयोग एकदा करून बघते, एकदाही चुकवत नाही. पण त्या दिवशी तपासनीस साहेब तासभर आधीच उगवले आणि तिसरा तास पहिला झाला. प्रयोगशाळेचा नळ फुटून तिथे तळं साचलेलं, शिपाई रजेवर, म्हणून सामानाची पेटी मी उचलून दोन जिने चढलो. साहेब म्हणाले, "बसू द्या आजोबांना." मुख्याध्यापक माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बसा, पण आवाज नको." जन्मात मला कोणी एवढी अवघड शिक्षा दिली नव्हती.

तास झकास सुरू झाला. तिने एका पोराला मध्ये उभं केलं, दोघांना त्याचे दोन हात धरून सरळ रेषेत विरुद्ध बाजूंना ओढायला सांगितलं. तो जागचा हलेना. "हा कार्बन डायऑक्साइड," ती म्हणाली. "दोन्हीकडून ओढ आहे, पण कोणाचीच सरशी नाही." मग त्याच दोघांना तिरकं, एकाच बाजूला झुकून ओढायला लावलं. मधला धडपडत पुढे गेला, वर्ग हसला. "हे पाणी. ओढ तीच, आकार वाकडा, म्हणून टोकं उरली." साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. मुख्याध्यापकांचे खांदे खाली आले. माझी छाती शर्टाच्या गुंड्या तोडायला निघाली.

मग खिडक्या उघडल्या, पाण्याची तोटी उघडली. पट्टी जवळ आली, धार सुरेख वाकली. "आता दुसरी," ती म्हणाली, "ही वाकणार नाही. वहीत लिहून ठेवा आधी." बेचाळीस माना खाली गेल्या, वर आल्या. तिने पट्टी घासली, जवळ नेली.

वाकली.

पाण्याइतकी नसेल, पण मागच्या बाकावरून दिसावी एवढी वाकली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, माझ्या मनात भर दुपारचं ऊन पडलं. एका क्षणात मला दुकानदाराचा चेहरा दिसला. काम तेच म्हणे!

पहिल्या बाकावर एक मुलगी होती, तिला सगळी शाळा वकीलबाई म्हणायची, कारण तिला घंटा झाली असं सांगितलं तरी ती पुरावा मागायची. ती उभी राहिली. "मॅडम, तुम्ही म्हणालात ही वाकणार नाही."

"म्हणाले."

"आम्ही लिहिलंय पण."

कोपऱ्यात कोणीतरी खुसखुसलं. मुख्याध्यापक खोकले, तो खोकला घशातला नव्हता. सूनबाईने पट्टी पुसली, पुन्हा घासली, पुन्हा नेली. पुन्हा वाकली. साहेबांचं पेन वहीवर टेकलं आणि तिथेच थांबलं. उठून ओरडावं की गप्प बसावं? ओरडलो तर तपासणीत म्हातारा घुसला असं होणार, गप्प बसलो तर पोरीचा बळी. आवाज नको म्हणाले होते.

तिला एक सोपी वाट होती. पट्टी खाली ठेवायची, म्हणायचं आज हवा दमट आहे, आणि पुस्तकातलं चित्र काढून पुढे जायचं. निम्म्या मास्तरांनी तेच केलं असतं. मी मनात म्हणत होतो, पोरी, हवेवर ढकल, हवा काही बोलायला येत नाही.

तिने तोटी बंद केली. फळ्याकडे वळली, मग पोरांकडे. घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मी सांगितलं एक, घडलं दुसरं. चूक कुठे असेल?"

मग पोरांचं सुरू झालं.

"मॅडम, नळीत आधीचं पाणी राहिलं असेल."

"पट्टी जास्त घासली गेली."

"पुस्तकच चुकलं असेल," मागून एकजण म्हणाला आणि सगळा वर्ग हसला, साहेब सोडून.

"असेलही," ती म्हणाली. "पुस्तकावरही शंका घ्यावी. पण आधी जवळचं बघू."

वकीलबाई उभीच होती. "बाटलीत दुसरंच काही असेल."

मी स्टूल हळूच दाराकडे सरकवलं.

"कसं कळलं?"

"कळलं नाही मॅडम. शंका आहे."

"चिठ्ठीवर तर टर्पेंटाइन लिहिलंय."

"चिठ्ठी तुम्ही चिकटवलीत. टर्पेंटाइनने नाही."

हे ऐकून साहेबांची मान वर झाली. सूनबाई दोन पावलं पुढे आली. "मग विचारायचं कोणाला?"

"पाण्याला," खिडकीजवळचा एक पोरगा म्हणाला. "पाण्यात घालून हलवू. टर्पेंटाइन असेल तर मिसळणार नाही."

तिने खुणांचा उंच काचेचा पेला काढला. वकीलबाईला पुढे बोलावून दहा मिलीलीटर पाणी मोजून घ्यायला लावलं, वर बाटलीतलं दहा. "आधी सांगा. टर्पेंटाइन असेल तर हलवून ठेवल्यावर मधली रेष कुठे दिसेल?" वर्ग म्हणाला, दहावर. तिने ते फळ्यावर लिहिलं, तोंडाला बूच लावलं, हलवलं आणि पेला टेबलावर ठेवला.

आत सगळं दुधासारखं पांढरं. रेष नाही, काही नाही.

"थांबायचं," ती म्हणाली.

आता बघा, तास संपायला नऊ मिनिटं. भिंतीवरचं घड्याळ माझ्या समोर होतं आणि तेव्हा ते एवढ्या मोठ्याने चालत होतं की सांगता सोय नाही. मुख्याध्यापक साहेबांच्या कानात काही कुजबुजले, साहेबांनी नुसता हात वर केला. तो हात थांबा असा होता की पुरे असा, मला कळेना. आठ मिनिटं. दूध तसंच. सात. रिकामा वेळ भरायला मास्तर काहीबाही बोलतात, सूनबाई नुसती टेबलाच्या कडेला दोन बोटं टेकवून उभी राहिली. फक्त बोटांची नखं पांढरी पडली होती, तेवढं मला दिसलं. मी तिला सासरी आल्यापासून ओळखतो, तिची नखं अशी लग्नातसुद्धा पडली नव्हती.

साहेब उठले. बुटांचा आवाज करत पुढे आले, पहिल्या बाकावर पोरांच्या शेजारी दाटीवाटीने बसले आणि पेल्याकडे बघत राहिले. पाच मिनिटं. दुधात वरून एक पारदर्शक पट्टी उतरायला लागली. खालूनही निवळायला लागलं. मध्ये एक कडा धरली, डगमगली, स्थिर झाली.

वकीलबाईने गुडघे वाकवले, डोळा रेषेच्या बरोबर समोर आणला. "मॅडम, दहावर नाही. चौदाच्या जवळ आहे."

"म्हणजे?"

"खालचं वाढलं. वरचं सहाच उरलं."

"खाली कोण होतं?"

"पाणी." आणि तिचा चेहरा असा उजळला की मी पेटी घट्ट धरली. "म्हणजे वरच्यातलं चार पाण्यात गेलं! बाटलीत एक गोष्ट नाही, मिश्रण आहे. काही टोकवालं, काही बिनटोकाचं. टोकवालं पाण्याने घेतलं. आणि पट्टीने ओढलं तेही टोकवाल्यामुळेच!"

"मग पुस्तक चुकलं का?" सूनबाईने मागच्या त्या पोराला विचारलं.

"नाही मॅडम. बाटली चुकली."

वर्गात जो गलका झाला, तो आवाज नको म्हणणाऱ्या मुख्याध्यापकांनाही थांबवता आला नाही. पण सूनबाई हसली नाही. तिने बाटली उचलून उजेडात धरली, चिठ्ठी वाचली, आणि मग दाराकडे माझ्याकडे बघितलं. एकदाच. मी खाली पेटीत बघितलं, जसं काही पेटीत उत्तर ठेवलं होतं.

घंटा झाली. पोरं जिन्यावर गोंधळ घालत गेली. वर्गात उरलो आम्ही चौघं.

साहेबांनी वही मिटली नव्हती. पेन उघडंच होतं. म्हणाले, "बाई, एक विचारतो. तीस वर्षं तास बघतोय, असा तास कमी बघितला. हे तुम्ही ठरवून केलंत ना? मुद्दाम चुकीची बाटली ठेवायची, पोरांना शोधायला लावायचं. असंच ना?"

त्यांच्या खांद्यामागून मुख्याध्यापक मान हलवत होते. हो म्हणा, हो म्हणा. अख्ख्या मानेने. आणि खरं सांगतो, मीही तेच करत होतो. एका हो वर जागा कायम. नाही म्हटलं तर न तपासलेलं रसायन पोरांसमोर आणलं, हा शेरा. हे चौथीतल्या पोरालाही कळलं असतं.

तुम्ही विचाराल, मग झाली का ती कायम? झाली, पण त्या वर्षी नाही. ती जागा भौतिकशास्त्राच्या बाईंना गेली. आमच्या घरी आणखी दोन वर्षं तीच दोन पत्रं आली, आणि दोन वर्षं मी त्या दुकानाच्या फुटपाथवरून चाललो नाही. साहेबांचा शेरा नंतर आम्ही वाचला. शिकवणे उत्कृष्ट, असं पहिल्या ओळीत. रसायन न तपासता वापरले, असं दुसऱ्या. दोन्ही ओळी खऱ्या. तिसऱ्या वर्षी तेच साहेब आले, तेव्हा कुठे कायमचं पत्र आलं.

पण त्या घडीला यातलं काही कोणाला माहीत नव्हतं. साहेबांचं पेन वहीवर होतं. माझ्याच्याने राहवेना, मी उठलो, पेटी धाडकन खाली पडली, मी तोंड उघडलं, "साहेब, ती बाटली..." सूनबाईने माझ्याकडे न बघता तळहात वर केला, आबा बसा, असा. मी बसलो. मग तिने रुमालाने नाक पुसलं, बाटली साहेबांच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली:

"नाही सर, ठरवलेलं काही नव्हतं. मला वाटत होतं यात टर्पेंटाइन आहे. वर्गाआधी थोडं पाण्यात मिसळून बघितलं असतं तर मलाही कळलं असतं, ते मी केलं नाही. पोरांनी केलं. लिहायचं असेल तर दोन्ही लिहा."